टायटॅनिकची ‘हुबेहूब’ प्रतिकृती : हा शब्द कशाच्या आधारावर वापरायचा?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात एका लेखात असे विधान वाचले की, ऑस्ट्रेलियन उद्योगपती क्लाइव्ह पामर यांचे ‘टायटॅनिक २’ पाण्यात उतरले की १९१२ साली बुडालेले जहाज जगाला जसेच्या तसे परत मिळेल, आणि त्याला आक्षेप घेणारे लोक इतिहासाचे सोवळे पाळणारे आहेत. दोन ओळींत उत्तर देणे मला जमेना, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

जसेच्या तसे टायटॅनिक आज प्रवाशांसह समुद्रात नेताच येणार नाही, आणि त्याला खुद्द टायटॅनिकच कारणीभूत आहे. जहाज बुडाल्यावर दोन वर्षांच्या आत समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज सोलास म्हणून ओळखला जाणारा करार त्याच परंपरेतला आहे, आणि मूळ जहाजाची कितीतरी अंगे त्यात बसत नाहीत. सुमारे २,२०० माणसे जहाजावर असताना जीवरक्षक होड्या २० होत्या आणि त्यांत जागा होती १,१७८ जणांची. जलरोधक कप्प्यांच्या आडभिंती पुरेशा उंच नेलेल्या नव्हत्या, त्यामुळे नाळेकडचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचे कप्पे भरले की पाणी भिंतीवरून पुढच्या कप्प्यात सांडत गेले. भिंतींवरच्या ज्या कोरीव लाकडी फलकांच्या छायाचित्रांवर लोक भाळतात, तेवढे ज्वलनशील लाकूड आजचे अग्निसुरक्षेचे नियम नव्या प्रवासी जहाजात लावू देत नाहीत.

मग पामर यांच्या आराखड्यात मूळचे उरते काय? जहाजाचे कवच वेल्डिंगचे आहे, इंजिने डिझेलची आहेत, रुंदी मूळ २८ मीटरपेक्षा सुमारे चार मीटरने जास्त आहे. मूळ जहाजाचे चौथे धुराडे मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी होते; येथे चारही धुराड्यांखाली कोळशाचा एकही बॉयलर नसेल. मोठा जिना आणि जेवणाची दालने दिसायला तशीच असतील, हे मी मान्य करतो. पण त्याला जुन्या सजावटीचे नवे क्रूझ जहाज म्हणावे. २०१२ साली पहिली घोषणा झाली तेव्हा २०१६ मध्ये जहाज निघणार होते. मार्च २०२४ मध्ये सिडनीत पुन्हा घोषणा झाली, तेव्हा जून २०२७ हा मुहूर्त सांगितला गेला. तारखा पुढे गेल्या याची मला तेवढी खंत नाही. ‘हुबेहूब’ हा शब्द इतक्या सहज वापरला जातो, याची आहे.

निळाई

तो लेख माझाच होता, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे.

तुम्ही प्रतिकृतीला अशी कसोटी लावत आहात की तिच्यात जगातील एकही प्रतिकृती उत्तीर्ण होणार नाही. मी नऊ वर्षे स्वीडनमध्ये राहते. येथील गोथेनबर्ग बंदराच्या तोंडाशी १७४५ साली स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज चीनहून परतताना बुडाले. त्याची लाकडी प्रतिकृती येथे बांधली गेली आणि ती २००५ साली चीनच्या सफरीवर निघाली. तिच्यात इंजिन आहे, आधुनिक दिशादर्शक यंत्रे आहेत, अग्निशमनाची सोय आहे. तरीही त्या जहाजावर मी पहिल्यांदा चढले, तेव्हा डांबराच्या आणि दोरखंडांच्या वासाने मला जे समजले, ते चार ग्रंथ वाचून समजले नव्हते. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्या दिवसापासून तो गाठी मारायला शिकतो आहे.

आणि टायटॅनिकच्या सजावटीला केवळ देखावा म्हणणेही मला पटत नाही. त्याचे जुळे भावंड ऑलिम्पिक १९३५ नंतर मोडीत निघाले, तेव्हा त्याचे भिंतींवरचे लाकडी फलक लिलावात गेले, आणि आजही इंग्लंडमधील ॲनिक गावच्या एका हॉटेलात लोक त्यांच्यामध्ये बसून जेवतात. त्यांचे मोल कोणी नाकारत नाही. मग तीच कारागिरी न जळणाऱ्या साहित्यात कोणी नव्याने घडवली, तर त्यात अप्रामाणिक काय आहे?

गोदीवाला

मी मुंबईतील एका गोदीत चौतीस वर्षे जहाजांच्या कवचाच्या कामावर होतो, म्हणून दोघांच्याही चुका दाखवतो.

दर्यावर्दी, कायद्याचा मुद्दा बरोबर आहे, पण तो निम्माच आहे. उद्या कायदा बाजूला ठेवला तरी ते जहाज बांधणार कोण? त्याला सुमारे ३० लाख रिव्हेट, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारे धातूचे जाड खिळे होते. मधल्या भागातले पोलादी रिव्हेट हायड्रॉलिक यंत्राने बसवले. नाळेकडे आणि पिछाडीला ते अवजड यंत्र पोचत नव्हते, म्हणून तेथे घडीव लोखंडाचे रिव्हेट हाताने ठोकले. रिव्हेट लाल होईपर्यंत तापवायचा, भोकात घालायचा, एकाने मागून दाबून धरायचा आणि दोघांनी आलटून पालटून घण घालायचा. मी उमेदवारीत असताना हे काम एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून शिकलो, आणि दिवसाला माझे किती रिव्हेट तो पुन्हा काढायला लावी, ते आठवले की अजून हात दुखतात. रिव्हेट बसला की नाही हे तो हातोडीच्या आवाजावरून ओळखायचा. तो कान आज कोणाकडे आहे? नाळेकडच्या त्याच हातरिव्हेटांच्या लोखंडात मळी जास्त होती आणि धडकेत त्यांची डोकी उडाली, असे धातुशास्त्रज्ञांचे एक मत आहे.

इंजिनांचे तसेच. सॅन फ्रान्सिस्कोला १९४३ सालचे ‘जेरेमाया ओब्रायन’ हे मालवाहू जहाज आजही वाफेच्या त्रिप्रसरण (तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणाऱ्या) इंजिनावर चालते, पण ते इंजिन २,५०० अश्वशक्तीचे आहे. टायटॅनिकवर तशी दोन होती, प्रत्येकी १५,००० अश्वशक्तीची, आणि त्यांच्यातून निघालेल्या वाफेवर मधल्या पंख्याचे टर्बाइन चालायचे. तेवढी ओतीव कामे आज पहिल्यापासून उभी करावी लागतील.

निळाईताई, माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. प्रतिकृतींसाठी पैसा आणि उत्साह मिळतो, पण अस्सल जहाजे आपण राखत नाही. १९५२ साली अटलांटिक सर्वांत वेगाने पार करण्याचा विक्रम करणारे ‘युनायटेड स्टेट्स’ हे प्रवासी जहाज फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर अनेक वर्षे गंजत पडले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडाजवळ कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून बुडवण्यासाठी ओढून नेले. आपली जुनी विक्रांत २०१४ साली दारुखान्यात तोडली गेली. मी दोनदा मुद्दाम पाहायला गेलो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परतलो.

रेवसकर

बांधता येते की नाही यावर सगळे बोलत आहेत, पण बांधावे का, हे कोणीच विचारत नाही.

माझ्या आजीचे दोन भाऊ १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या रामदास बोटीत होते. आषाढी अमावास्येचा दिवस होता, लोक सणाला घरी येत होते. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. ती बुडाल्याची वार्ता किनाऱ्यावर पोचली, ती पोहत आलेल्या माणसांच्या आणि आमच्या कोळ्यांच्या तोंडून. सहाशेहून अधिक माणसे गेली. आजी शेवटपर्यंत त्या अमावास्येला चूल पेटवत नसे. उद्या कोणी रामदासची प्रतिकृती बांधून तिच्यावर भोजनाची मेजवानी ठेवली, तर आमच्या गावाला काय वाटेल, याचा विचार करा. टायटॅनिकवर सुमारे १,५०० माणसे गेली, आणि त्यांतील पाचशेहून अधिक एकट्या साउथॅम्प्टन शहरातली होती. तेथेही अशा आज्या असतील.

निळाई

रेवसकर, तुमच्या आजींविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु दुःखाचा आधार घेऊन सगळी चर्चाच बंद करणे मला मान्य नाही. बेलफास्टला ज्या गोदीत ते जहाज घडले, तेथेच आज त्याचे मोठे संग्रहालय आहे, आणि प्रवाशांना टायटॅनिककडे नेणारी ‘नोमॅडिक’ ही मूळ छोटी बोट तेथे जपून ठेवली आहे. ज्या शहराने ते जहाज बांधले, त्या शहराला ते आठवावेसे वाटते. मग आठवण्याची एक रीत पवित्र आणि दुसरी अपवित्र हे कोणी ठरवायचे? चीनमध्ये सिच्वान प्रांतातील दायिंग येथे, समुद्रापासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, नदीत कायमची उभी ठेवण्यासाठी याच जहाजाच्या मापाचा, २६९ मीटर लांबीचा सांगाडा २०१६ पासून बांधायला घेतला होता. त्या करमणुकीच्या बगिच्याची बाजू मीही घेणार नाही. तुमचा आक्षेप तेथे लागू पडतो, एवढे कबूल करते.

तांडेलाची_नात

मला येथे एक गोष्ट खुपते आहे. पामर यांनी पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही वर्ग मूळच्यासारखे ठेवू म्हणून जाहीर केले आहे. पण मूळ जहाजाला आणखी एक वर्ग होता, आणि तो सर्वांत खाली होता. २९ बॉयलर आणि १५९ भट्ट्या होत्या, आणि त्यांत रात्रंदिवस फावड्याने कोळसा घालणारी माणसे होती. हुबेहूब प्रतिकृती करायची असेल, तर त्यांचे काय करणार? दर्यावर्दींनी होड्या मोजल्या, गोदीवाल्यांनी रिव्हेट मोजले, भट्टीवरची माणसे कोणीच मोजली नाहीत.

माझे पणजोबा रत्नागिरीचे. इंग्रजी प्रवासी जहाजांवर ते डेकवरचे खलाशी होते, पुढे तांडेल झाले. त्या जहाजांवर डेकवर आमच्यासारखे कोकणातले आणि गुजरातचे लोक असत, भट्टीवर बहुतेक पंजाबचे आणि सरहद्दीकडचे, आणि जेवणघरात गोव्याचे. भट्टीवरच्या माणसाला सगळे ‘आगवाला’ म्हणत. तांबड्या समुद्रातून जाताना भोवळ येऊन पडलेल्या आगवाल्यांना उचलून डेकवर आणावे लागे, आणि त्यांच्यावर बादलीने पाणी ओतण्याचे काम पणजोबांकडे असे, हे त्यांनी माझ्या आजोबांना सांगितले होते.

गोदीवाला

ताई, विषय सोडू नका. टायटॅनिकवर आपला खलाशी नव्हता; भट्टीवरची माणसे बहुतेक साउथॅम्प्टनची होती. हिंदी खलाशी घेणाऱ्या कंपन्या निराळ्या. प्रत्येक चर्चेत आपले घराणे आणण्याची गरज नसते.

तांडेलाची_नात

विक्रांत टायटॅनिकच्या विषयात बसते आणि भट्टीवरचा माणूस बसत नाही, हा निवाडा मला मान्य नाही. आपले लोक टायटॅनिकवर होते, असे मी कोठेही लिहिलेले नाही. त्या काळच्या प्रत्येक मोठ्या वाफेच्या जहाजाचा पायाच असा होता, एवढेच मी लिहिले. टायटॅनिकवर ते काम गोऱ्या गरिबांनी केले, दुसऱ्या जहाजांवर आपल्या गरिबांनी केले, आणि तेही गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी पगारात आणि कमी जागेत, कायद्याच्या संमतीने. जहाज बुडताना दिवे जवळजवळ अखेरपर्यंत जळत राहिले, कारण खालची माणसे जागा सोडून गेली नाहीत. इंजिनीअर तर एकही वाचला नाही. तिसऱ्या वर्गातील प्रवाशांपैकी साधारण चौथा हिस्साच वाचला, पहिल्या वर्गातले साठ टक्क्यांहून अधिक वाचले. जिना बांधणार आणि हे गाळणार, तर तुमची प्रतिकृती नेमकी कोणाच्या आठवणीची आहे?

निळाई

हे मला टोचले आहे, आणि मी ते लपवत नाही. माझ्या लेखात जिन्यावर तीन परिच्छेद होते आणि भट्टीवर एक ओळही नव्हती. तरीही माझे मत बदललेले नाही. जहाज बांधले गेले, तरच कोणी तेथे उभे राहून विचारील की खाली काय होते. न बांधलेल्या जहाजाबद्दल माझ्या मुलाने काय विचारावे?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

गोदीवाले, कारागिरीचा मुद्दा मी फारच हलका लेखला होता. तो तुमचा मान्य.

निळाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी एका उदाहरणाने उत्तर देतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातले एक जहाज आहे. त्याचा नकाशा नव्हता, मापे नव्हती, होते ते केवळ चित्र. तरी गोव्यात त्यावरून ‘कौंडिण्य’ बांधले गेले, केरळच्या कारागिरांनी काथ्याने फळ्या शिवून, खिळा न वापरता. २०२५ साली ते नौदलात आले. त्यात इंजिन नाही. चित्रावरून केलेले ते जहाज रूपाने किती तंतोतंत आहे हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही, पण ज्या हातांनी जुनी जहाजे होत, त्याच रीतीने ते झाले. टायटॅनिकची रेखाटने उपलब्ध आहेत आणि त्याची रीत मात्र कोणालाच नको आहे. वाफेवर चालणारे, रिव्हेटांचे, एकच भट्टी असलेले लहान जहाज कोणी प्रामाणिकपणे बांधले आणि मुलांना खाली नेऊन त्या उष्णतेत दोन मिनिटे उभे केले, तर मी स्वतः वर्गणी देईन. ही सूचना तांडेलाच्या नातीमुळे सुचली. माझ्या मूळ लिखाणात ती नव्हती.

गोदीवाला

रिव्हेट कसा मारायचा हे मी अजून शिकवू शकतो. डावा खांदा गेला आहे, पण कान शाबूत आहे.

ताई, मघाशी मी कठोर लिहिले. तुमच्या पणजोबांची नोकरीच्या दाखल्यांची नळी घरात आहे का? गोदीत जुने खलाशी ती जिवापाड जपताना मी पाहिले आहेत.

तांडेलाची_नात

आहे. पत्र्याच्या नळकांड्यात घातलेले दाखले आहेत, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. जहाजांची नावे अर्धीच वाचता येतात, पण प्रत्येक कागदावर वर्तणुकीच्या रकान्यातला शिक्का स्पष्ट आहे : फार चांगली.