यॉर्कशायर पुडिंग फुगतच नाही, नाताळच्या आत मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

आम्ही इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या लीड्समध्ये राहतो. शेजारी 82 वर्षांच्या एक आजी एकट्याच असतात. गेली सहा वर्षं नाताळचं जेवण त्यांच्याकडे, हे ठरलेलंच. त्यांच्याकडे बीफ रोस्ट असतो. आम्ही बीफ खात नाही, म्हणून आमच्यासाठी कोंबडी भाजतात आणि यॉर्कशायर पुडिंगचा एक ट्रे वेगळा, सूर्यफुलाच्या तेलात करतात. एरवी त्यांचं पुडिंग बीफच्या चरबीतच होतं, पण आमच्या ट्रेला त्या चमचासुद्धा दुसरा घेतात. पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःहून विचारून घेतलं होतं.

यंदा नोव्हेंबरात त्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये आहे. तेव्हा या वर्षी जेवण आमच्याकडे. कोंबडी, भाजलेले बटाटे, गाजर, ग्रेव्ही हे सगळं मला जमतं. पुडिंगही मीच करेन असं त्यांना सांगून बसले आहे, आणि ते मात्र तीनदा केलं नि तिन्ही वेळा बसलं.

ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी: नाव पुडिंग असलं तरी हे गोड नाही. अंडी, दूध, मैदा आणि मीठ यांचं पातळ पीठ कडकडीत तेलात ओतून ओव्हनमध्ये भाजतात. कडा उंच आणि कुरकुरीत, मधे खोल वाटी, त्या वाटीत ग्रेव्ही. यॉर्कशायरमध्ये पूर्वी हे मांसाच्या आधी वाढत, म्हणजे पोट भरायचं आणि थोडकं मांस सगळ्यांना पुरायचं. आजींच्या लहानपणी जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस मिळेल, असं मुलांना सांगत.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्यांदा जाड, दडदडीत झालं, आतून ओलं. दुसऱ्यांदा छान फुगत होतं, म्हणून दहाव्या मिनिटाला दार उघडून पाहिलं, तर डोळ्यांदेखत बसलं. तिसऱ्यांदा दार उघडलं नाही, तरी बोटभरसुद्धा वर आलं नाही, आणि तळ तेलाने चिकट. पीठ घावनाच्या पिठाइतकं पातळ होतं. ओव्हन 200 वर होता, खालच्या खणात कोंबडी होती. कुठे चुकतंय?

– लीड्सवाली

प्रतिसाद: कढीपत्ता

ताई, तीन गोष्टी सांगा. मैदा साधा की सेल्फ रेझिंग, म्हणजे बेकिंग पावडर आधीच घातलेला? तेल कुठलं? आणि ट्रे कशाचा?

प्रतिसाद: लीड्सवाली

मैदा साधाच. तेल ऑलिव्ह, एक्स्ट्रा व्हर्जिन. ट्रे सिलिकॉनचा, मुलांच्या कपकेकचा आहे तो, बारा खणांचा.

प्रतिसाद: दूरदेशी

इथे फ्रोझन यॉर्कशायर पुडिंग कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. चार-पाच मिनिटांत गरम होतात आणि चवीला बरे असतात. सणाच्या दिवशी एवढी धावपळ कशाला?

प्रतिसाद: लीड्सवाली

मनापासून सांगता आहात, कळतंय. पण सहा वर्षं त्यांनी आमच्यासाठी वेगळा ट्रे लावला. या वर्षी त्यांच्या पानात पाकिटातलं वाढायला माझा हात धजत नाही.

प्रतिसाद: जुना शेफील्डकर

लीड्सवाली, मी बारा वर्षं एका पबच्या स्वयंपाकघरात रविवारचे रोस्ट काढले आहेत. पुडिंगचे दीडदोनशे नग एका दुपारी व्हायचे. तुमचा घोटाळा सिलिकॉनमध्ये आहे.

पुरी कशी फुगते ते आठवा. तेल पुरेसं तापलं असेल तर आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि ती पुरीला वर उचलते. तेल कोमट असेल तर पुरी तेल पिऊन चपटी पडते. इथेही तेच. यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, जे काही वर येतं ते वाफेने, आणि अंड्यामुळे ते तिथेच घट्ट होतं. पीठ पडल्या क्षणी चर्र आवाज आलाच पाहिजे. सिलिकॉन उष्णता धरत नाही, त्यामुळे त्यातलं तेल तापलं तरी पीठ पडताच गार होतं. तुमचा चिकट तळ त्यातूनच आला. पत्र्याचा, जाड, गडद रंगाचा मफिन ट्रे आणा.

ऑलिव्ह तेल बाजूला ठेवा, एक्स्ट्रा व्हर्जिन लवकर धुरावतं. साधं रिफाइंड सूर्यफूल घ्या. घरचं साजूक तूपही चालतं, मी करून पाहिलं आहे. लोणी नको, त्यातला दुधाचा अंश जळतो.

बारा नगांना 140 ग्रॅम मैदा, 4 अंडी, 200 मिली दूध, चिमूटभर मीठ. वाटी-चमच्याने मोजू नका, तराजू घ्या. मैद्यात आधी अंडी फेटून गुठळ्या मोडा, मग दूध थोडं थोडं घाला. मलईसारखं ओतता यावं. झाकून निदान अर्धा तास मुरू द्या, रात्रभर फ्रीजमध्येही चालेल. पण ओतायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा.

आता ओव्हन. 220, आणि पंख्याचा असेल तर 200 ते 210. प्रत्येक खणात एक चहाचा चमचा तेल घालून ट्रे रिकामाच दहा-बारा मिनिटं तापवा, तेलावर हलका धूर दिसेपर्यंत. पीठ चोच असलेल्या भांड्यात तयार ठेवा. दार उघडा, ट्रे बाहेर काढा, दार लगेच लावा, भराभर खण निम्मे भरा आणि ट्रे आत ढकला. हे सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला हवं. तेल अंगावर उडतं, मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा आणि हातमोजे कोपरापर्यंतचे घाला. मग 20 ते 25 मिनिटं दाराला हात लावू नका, काचेतून बघा. सोनेरी झाले की लगेच काढू नका, गडद तपकिरी होऊ द्या. कच्ची भिंत वजन पेलत नाही, बाहेर आली की खचते. तुमचं दुसऱ्या वेळचं तेच झालं.

आणि कोंबडी त्याच वेळी आत नको. तिच्यातून निघणाऱ्या वाफेने ओव्हन दमट होतो. कोंबडी आधी बाहेर काढा, वर फॉइल सैल टाका. तिला अर्धा तास विसावा लागतोच, रस आत मुरतो. तोच अर्धा तास पुडिंगचा. सगळ्या रोस्टची घडी याच अर्ध्या तासावर बसते.

प्रतिसाद: कढीपत्ता

शेफील्डकर काकांशी सहमत. थोडी भर घालते. ‘यॉर्कशायर पुडिंग’ या नावाने ही कृती हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या 1747 च्या पाककृतींच्या पुस्तकात आहे. पीठ भाजणाऱ्या मांसाच्या खाली ठेवायचं आणि वरून ठिबकणारी चरबी त्यात पडायची. म्हणून जुन्या घरांत चरबीचा एवढा आग्रह. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2008 मध्ये जाहीरच केलं होतं की चार इंचांपेक्षा कमी उंच असेल तर त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये. ताई, तुम्ही तीन इंच आणले तरी मी टाळ्या वाजवीन.

प्रतिसाद: लीड्सवाली

सर्वांना मनापासून धन्यवाद. शनिवारी नवा पत्र्याचा ट्रे आणला. रविवारी रात्रीचं पीठ, सूर्यफुलाचं तेल, कोंबडी नाही, फक्त ट्रे. पहिल्या खणात पीठ पडलं आणि तो आवाज आला! पंधराव्या मिनिटाला काचेतून पाहिलं तर कडा खणाच्या वर दोन बोटं उभ्या आणि एकीने तर बाजूला मान टाकलेली. 23 व्या मिनिटाला काढले. बारातले दहा उभे राहिले. कडेचे दोन थोडे बसके, बहुधा ओतायला मला वेळ लागला म्हणून.

चार गरम गरम पुडिंग ताटलीत घालून आजींकडे नेले. त्यांनी एक डाव्या हातात धरून कानाजवळ नेलं, कड मोडली, आवाज ऐकला. मग आतला खळगा बोटाने दाबून पाहिला आणि अख्खं पुडिंग ग्रेव्हीशिवाय खाल्लं. म्हणाल्या, चांगलं झालंय, पुढच्या वेळी तेल अजून एक मिनिट तापू दे.

25 तारखेला कोंबडी 12:30 ला बाहेर काढते आहे.