देवगड ते मेलबर्न, वाटेत सिंगापूर: पहिलाच परदेश प्रवास, सल्ला हवा

माडाखालची:
नमस्कार मंडळी. मी देवगडची, वय ६४. ह्यांचं वय ७०, गुडघे दुखतात. माझी कॉलेजातली जिवलग मैत्रीण आणि तिचे यजमान कित्येक वर्षं मेलबर्नला बोलावतायत. यंदा व्हिसा आलाय, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचंय. तिकिटाचे तीन पर्याय आहेत:
एक, सिंगापूरला दीड तास थांबा.
दुसरा, साडेआठ तास थांबा.
तिसरा सगळ्यात स्वस्त, पण मुंबई-सिंगापूर आणि सिंगापूर-मेलबर्न अशी दोन वेगळी तिकिटं.
कुठलं घ्यावं? आणि आंबापोळी, आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), थोडा हापूस नेता येईल का? तिनं दुसरं काहीच मागितलेलं नाही हो.

ठाण्याचा_कुडाळकर:
काकू, तिसरा पर्याय सोडून द्या. तिकिटं वेगळी असली की बहुतेक वेळा सिंगापूरला बॅगा स्वतः घ्याव्या लागतात. म्हणजे इमिग्रेशनमधून बाहेर पडणं आलं, आणि त्यासाठी भारतीय पासपोर्टवर व्हिसा किंवा ट्रान्झिटची, म्हणजे फक्त वाटेत थांबून पुढे जाणाऱ्यांसाठीची, सवलत लागते. वर पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही गेले. एकाच तिकिटावर मुंबईत बॅगा दिल्या की त्या थेट मेलबर्नला. चेक-इनला बॅगेचा टॅग मात्र वाचून घ्या.

दुसरं, जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू होतं, जोराच्या पावसात गाड्यांचा वेग कमी ठेवतात. त्याच रात्री विमान आणि सकाळी कणकवलीहून गाडी, असं करू नका. आदल्या दिवशी ठाण्याला किंवा दादरला कुणाकडे तरी मुक्कामाला या.

दोनदा_मेलबर्न:
थांबा साडेआठ तासांचाच घ्या. दीड तासात गुडघेदुखीचा माणूस गेट गाठेल, पण जीव मुठीत धरून. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, त्याचे पैसे पडत नाहीत. मुंबई ते सिंगापूर साधारण साडेपाच तास, पुढे साडेसात. मधे पाठ टेकायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे. चांगीत, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, तासांच्या हिशोबानं ट्रान्झिट हॉटेलची खोली मिळते. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, टर्मिनल २ मध्ये सूर्यफुलांची. १, २, ३ ही टर्मिनलं आतून छोट्या ट्रेननं जोडलेली आहेत. प्रसिद्ध ज्वेल मॉल आणि तिथला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे. तुम्ही आतच थांबा, दमणूक वाचेल. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, घड्याळ तिथेच बदला.

आता खाऊ. हापूस अजिबात नाही, एक फळसुद्धा नाही. आपला आंबा तिकडे जातो तो व्यापारी मालात, प्रक्रिया करून. प्रवाशाच्या पिशवीतला नाही. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ घेऊच नका. आंबापोळी, आमसुलं, मेतकूट, मसाले, पापड यांतलं जे न्याल ते उतरण्यापूर्वी भरायच्या कार्डावर लिहा. खाण्याचं काही आहे का, या प्रश्नाला ‘हो’. अधिकारी पिशवी उघडतील, बघतील, एखादी गोष्ट ठेवून घेतील. सांगितलेल्या वस्तूसाठी दंड नसतो. दंड लपवलेल्या वस्तूला असतो, आणि तो मोठा असतो. पहिल्या खेपेला माझी घरची आमसुलं त्यांनी हातात घेऊन वास घेतला, काय आहे विचारलं आणि परत दिली. तुमचीही देतीलच असं नाही, एवढी मनाची तयारी ठेवा. सगळा खाऊ एकाच पिशवीत, वर इंग्रजीत नाव चिकटवून ठेवा. फार सोपं जातं.

वेंगुर्ल्याची_बाय:
आगळ व्हया तर मोठ्या बॅगेत घाला, हातातल्या पिशवीत घेव नका. १०० मिलीच्या वर सोडनत नाय. माजी बाटली मुंबयत काढून घेतल्यानी. झाकणाखाली प्लास्टिक लावा, वरसून दोन पिशये. आणि सुक्या खोबऱ्याचे गोटे घेवच नका, तेलामुळे विमानात बंदी आसा.

फिजिओ_रत्नागिरी:
काकांसाठी: कडेची सीट, दर तासाला उठून चार पावलं, बसल्या बसल्या घोटे फिरवणं, पाणी भरपूर. पायात घट्ट मोजे घालायचे का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत, सोबत इंग्रजीत लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन. ऑस्ट्रेलियात औषधंही कार्डावर सांगायची असतात आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त साठा नेऊ नका. जूनमध्ये तिथे थंडी असते, शाल हाताशी ठेवा.

माडाखालची:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! साडेआठ तासांचं, एकच तिकीट ठरलं. नणंदेला ठाण्याला फोनही केला. हापूस राहिला याची चुटपुट आहे, पण मे महिन्यात पोळी घालतानाच तिच्यासाठी वेगळं ताट घालीन. आगळ नेते, दोन पिशव्यांत. एकच विचारायचंय: आंबापोळीला इंग्रजीत काय लिहू?

दोनदा_मेलबर्न:
‘ड्राइड मँगो पल्प, होममेड’ असं लिहा. आणि काकू, बिया-साल काही नाही, हे तोंडानं सांगा.