ए-लेव्हल धर्मतत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र: आधी मांडणी की थेट चिकित्सा?

धागाकर्ता (तर्कट): इंग्लंडमधल्या ओसीआर बोर्डाच्या ए-लेव्हल (आपल्या बारावीच्या पातळीची परीक्षा) रिलिजस स्टडीजचा हिशेब बघा. प्रत्येक पेपर २ तासांचा, १२० गुणांचा, ४ पैकी ३ निबंध. म्हणजे निबंधामागे ४० मिनिटं. ४० गुणांत माहिती-आकलनाला १६, विश्लेषण-मूल्यमापनाला २४. तरी मुलं पहिली पंचवीस मिनिटं मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत अक्वायनसचे ईश्वर सिद्ध करणारे पाचही मार्ग उतरवण्यात घालवतात. प्रश्न विश्वकारणाचा (जगाला मूळ कारण हवं, म्हणून ईश्वर) असेल तर पहिले तीनच लागतात. पाचवा हेतू-रचनेच्या (जगातली रचना पाहून रचनाकार मानण्याच्या) प्रश्नासाठी. शेवटी 'तथापि काहींना हे पटत नाही' एवढीच चिकित्सा! माझं मत: पहिल्याच परिच्छेदात आपली बाजू सांगा, मांडणी लागेल तेवढीच.

घड्याळजी: साफ असहमत. मांडणी कच्ची असली की चिकित्साही पोकळ निघते. घड्याळ दिसलं की ते करणारा असणारच, तसंच जगाचं, हा पेलीचा युक्तिवाद. त्यावरची नेहमीची चूक घ्या: 'पेलीच्या घड्याळाला ह्यूमने उत्तर दिलं.' तत्त्वज्ञ ह्यूम वारला १७७६ साली, त्याचे धर्मावरचे 'संवाद' छापले गेले १७७९ मध्ये, पेलीचा ग्रंथ आला १८०२ मध्ये. उत्तर देणार कसं?

तर्कट: सनावळीवर गुण नाहीत हो.

घड्याळजी: सनावळीचं राहू द्या, पण त्या चुकीमुळे खरा प्रश्नच निसटतो. ह्यूमचा रोख साधर्म्यावर आहे: जग यंत्रापेक्षा वनस्पतीसारखं का मानू नये? पेलीचे समर्थक म्हणतात, आमचा युक्तिवाद साधर्म्याचा नाहीच. भाग एका हेतूसाठी जुळलेले दिसले की त्यावरून रचनाकाराचं अनुमान निघतं. मग ह्यूमचा आक्षेप पेलीला लागतो का? तुमचे २४ गुण इथे आहेत, आणि पेली नीट मांडल्याशिवाय तिथवर पोचता येत नाही.

तर्कट: हे मान्य. पण यात मांडणी चिकित्सेच्या पोटातच आली ना! मी वेगळं काय म्हणतोय? ईश्वराच्या कल्पनेतूनच त्याचं अस्तित्व सिद्ध करणाऱ्या अन्सेल्मचंही तेच. त्याचा टीकाकार गॉनिलोचं परिपूर्ण बेट (या तर्काने तेही असायलाच हवं!) अन्सेल्मच्या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणाच्या युक्तिवादावर बेतलेलं. तिसऱ्यात अन्सेल्म 'ज्याचं नसणं कल्पनेतही येत नाही' असं अस्तित्व मांडतो, आणि बेट तर कधीही बुडू शकतं. हा फरक दोन वाक्यांत होतो, त्याला पानभर प्रस्तावना कशाला?

मधलीआळी: तुम्ही दोघं पहिल्या, म्हणजे धर्मतत्त्वज्ञानाच्या पेपरातच अडकलात. नीतिशास्त्रात पाठांतराची खोड जास्त नडते. 'प्रसंग पाहून सर्वात प्रेमाचं ते करा' म्हणणाऱ्या फ्लेचरची चार कार्यतत्त्वं आणि सहा विधानं, दहाच्या दहा लिहायची आणि इच्छामरणाला एक ओळ. त्यापेक्षा एकच प्रसंग धरा: वेदनाशामकाचा वाढीव डोस, मृत्यू अपेक्षित पण हेतू वेदना थांबवण्याचा. निसर्गनियमवादी (माणसाच्या स्वभावातून नैतिक नियम काढणारा) दुहेरी परिणामाच्या तत्त्वाने (वाईट परिणाम दिसत असला तरी तो हेतू नसेल तर चालतं) हे चालवून घेईल. फ्लेचर विचारेल, प्रेम कशात आहे? मग थेट मृत्यू देणंही का नको? दोघांची फारकत नेमकी कुठे होते ते दाखवलं की बाकीची विधानं गाळली तरी चालतात.

घड्याळजी: चालतात, पण कुठली गाळायची हे कळायला दहाही समजलेली असावी लागतात.