अंदमान: पॅकेजच्या बाहेरचं काय पाहिलंत, काय खाल्लंत?

दिवाळी सरली की ओळखीपाळखीत कोणीतरी अंदमानचं तिकीट काढतं आणि मग विचारणा सुरू होते. उत्तरं ठरलेली असतात: सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील, पाच रात्री सहा दिवस, मस्त झाली ट्रिप. त्यातून पुढच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. म्हणून हा धागा. कार्यक्रमपत्रिका नको. एक बेट, एक जेवण, एक सकाळ, जे काही निवांत पाहिलं असेल तेवढंच सांगा. आणि जेवणाबद्दल 'अप्रतिम' लिहून सुटू नका, ताटात काय होतं ते येऊ द्या.

नावांचा घोळ आधीच मिटवून टाकते. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. कागदोपत्री नवी नावं, रिक्षावाल्याच्या तोंडी अजून जुनीच. इथे कुठलंही चालेल.

ठाणे (धागाकर्ती)

सुरुवात मीच करते. बेटं कोलकात्याच्याही पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला मिट्ट काळोख. पॅकेजची गाडी हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर दुपारी तीनला सोडते, सूर्यास्ताचे फोटो झाले की हाकायला सुरुवात. आम्ही किनाऱ्याजवळच खोली घेतली होती, म्हणून पहाटेही गेलो. हा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि मागे उंच झाडांची भिंत. त्यामुळे ऊन वाळूवर यायला बराच वेळ लागतो, तोवर पाय थंड वाळूत. माणूस जवळजवळ नाहीच. झाडांचे बुंधे इतके जाड की माझ्या दोन मुली आणि मी हात धरूनही वेढा पुरा होईना. परत येताना टपरीवर घुगनी खाल्ली: पांढऱ्या वाटाण्याची उसळच, पण वरून कच्चा कांदा, मिरची आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे. सोबत गरम पुऱ्या. हॉटेलचा फुकटचा ब्रेकफास्ट तसाच राहिला, त्याचं कोणालाही वाईट वाटलं नाही.

पुणे, आई-बाबांसोबत

तुम्ही 'जेल सोडून' असं लिहिलेलं नाही, म्हणून जेलबद्दलच लिहितो. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम चाललं. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती फुटलेल्या होत्या, आज तीनच उभ्या आहेत. गाईड घाईघाईत सावरकरांच्या कोठडीपाशी नेतो, फोटो काढायला लावतो आणि खाली आणतो. आम्ही त्याला पैसे देऊन मोकळं केलं आणि सकाळी उघडल्या उघडल्या पुन्हा एकटे गेलो. तेव्हा लक्षात आली ती रचना. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे समोर बघितलं तरी दिसणार भिंत, दुसऱ्या कैद्याचा चेहरा नाही. १९११ साली तात्याराव आले तेव्हा थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. बाबांना हे पुस्तकातून पाठ होतं, पण त्या गजांपाशी उभं राहून ते बराच वेळ नुसते दोन इमारतींमधलं अंतर बघत होते. खाली कोलू ठेवलाय. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, माणसानं बैलाच्या जागी फिरून. आईनं नमस्कार केला तो कोलूला नाही, त्याच्या दांड्याला.

शाकाहारी मंडळींसाठी: पोर्ट ब्लेअरात काळजी नको, तमिळ वस्ती भरपूर आहे, इडली-डोसा-सांबार कुठेही. बेटांवर मात्र वेगळं तेल, वेगळी कढई वगैरे मागू नका. नम्रपणे 'हो' म्हणतील, पुढचं देव जाणे.

मालवण, सध्या मुक्काम चेंबूर

मासे आम्हाला कोणी शिकवू नयेत या बाण्यात मी गेले होते. पहिल्याच सकाळी रिक्षा करून जंगलीघाटचा मासळी बाजार गाठला. तिथे विकणाऱ्या बहुतेक बायका तेलुगू, आंध्रच्या किनाऱ्यावरून आलेल्या घरांतल्या. भाषा कळली नाही तरी कल्ला उघडून दाखवायची पद्धत आपलीच. सुरमई, कुपा, तांबोशी, एवढाल्या कुर्ल्या. शिवाय प्रवाळातले निळे-हिरवे मासे, ते बघूनच माझा जीव घाबरला. असला रंग मी साडीत बघितलाय, ताटात नाही.

खाल्लं मात्र हॅवलॉकच्या बाजारात, तीन नंबरच्या गावात, पत्र्याच्या छपराच्या खानावळीत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं ही बेटं दिली, जंगल तोडून त्यांनी भातशेती केली. त्यामुळे इथलं रोजचं जेवण बंगाली. स्टीलच्या ताटात भाताचा डोंगर, पातळ मसूर डाळ, कुरकुरीत बटाट्याचे काप, भोपळ्याची कोरडी भाजी आणि वाटीत माशाचा झोल. नारळ झाडावर लटकतोय आणि आमटीत नाही, हे बघून आधी जिवावर आलं. झोल म्हणजे मोहरीच्या तेलात तळलेला मासा, हळद, उभी चिरलेली मिरची, बटाटा आणि पाणी. ना कोकम, ना तिरफळं, ना वाटप. पहिला घास घेतला आणि गप्प बसले. मासा इतका ताजा होता की त्याला खरंच कशाचीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी खानावळ चालवणाऱ्या मावशींनी केळीच्या पानात मोहरी वाटून लावलेला मासा वाफवून दिला. नाकात झिणझिण्या. तो मात्र मी घरी करून बघते आणि नवरा मुकाट्याने खातो. मालवणी माणूस मुकाट्याने खातो म्हणजे काय ते जाणकारांनी समजून घ्यावं.

नाशिक

बाराटांग बेटाबद्दल कोणीतरी लिहायलाच हवं. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून बोट, सगळं पॅकेजमध्ये असतं. पण तिथे जायचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगला पहाटे गाड्यांची रांग लागते, पोलिसांच्या देखरेखीखाली ताफा सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. या जंगलातून जाणारा रस्ता बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच दिला होता. रस्ता सुरू आहे. आमच्या ड्रायव्हरनं आदल्या रात्री विचारलं, 'जारवा दिखेंगे, चलोगे?' तो गुहेचं नावही घेत नव्हता. आम्ही नाही गेलो. मिस्टर जरा फुरंगटले, पण दिवस पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला काढला आणि संध्याकाळपर्यंत निवळले.

कोल्हापूर

वरच्या ताईंचं पटतं, तरी मी गेलो आणि दुसरी बाजू सांगतो. त्या रस्त्याचा उपयोग फक्त पर्यटकांना नाही. रंगत, मायाबंदर, डिगलीपूरच्या लोकांना तीच वाट. आमच्या मागच्या बसमध्ये शाळेची पोरं, कोंबड्यांच्या टोपल्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी असे प्रवासी होते. गर्दी कमी करायची तर पर्यटकांची करावी, त्यांची नव्हे. गुहेबद्दल: खारफुटीतली बोटीची वाट सुंदर, मुळांचा बोगदाच. गुहा ठीक. चिखलाचा ज्वालामुखी म्हणजे वावरात बुडबुडे येणारं डबकं, त्यासाठी झोपमोड करू नका.

मुंबई, दादर

स्कूबाबद्दल दोन गोष्टी. पोहता येत नसलं तरी पहिली डुबकी मारता येते, प्रशिक्षक पाठीमागून टाकी धरून असतो आणि बारा मीटरच्या खाली नेत नाही. खरा त्रास कानांचा. नाक चिमटीत धरून हवा फुंकायची, खाली जाताना सारखी, दुखायला लागण्याआधी. सर्दी असेल तर जाऊच नका. दुसरं म्हणजे प्रवाळ. फोटोतल्यासारखे रंग सगळीकडे मिळतील अशी आशा नको. २०१० साली समुद्राचं पाणी तापून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, त्यानंतर काही जागा सावरल्या, काही नाही. मी एका करड्या, मेलेल्या पट्ट्यावरून गेलो आणि त्याच्या कडेलाच बशीएवढा जांभळा तुकडा जिवंत, शेजारच्या समुद्रफुलात विदूषक मासे घरटं राखत बसलेले. माझा हात जवळ गेल्यावर त्यातला एक, अंगठ्याएवढा, सरळ अंगावर धावून आला. आणि शिंपले, प्रवाळ खिशात टाकू नका. विमानतळावर बॅगा तपासतात आणि काढून घेतात.

सांगली, निवृत्त

आम्ही उभयता नीलला राहिलो, हॅवलॉक गाळलं. मुलांना वाटलं, म्हातारे चुकले. बेट एवढंसं, सपाट, सायकलवर मावणारं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली पुष्कळशी भाजी इथून जाते. पडवळ, दुधी, दोडका, वांगी, सुपारीच्या बागा. सकाळी जेटीवर माणसांपेक्षा पोती जास्त. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला समुद्रापेक्षा त्यातच गोडी. एका गृहस्थानं वांग्याला कीड पडली ती दाखवली, मी कामगंध सापळ्याबद्दल सांगितलं, त्यानं शहाळी फोडली. नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटीची वेळ विचारून जा. भरतीत तिथे नुसता खडक आणि पाणी. ओहोटीत खडकांच्या खळग्यांत समुद्रकाकडी, खेकडे, तारामासे बसल्या जागी दिसतात. चपला जाड तळव्याच्या हव्यात, खडक धारदार आहे.

डोंबिवली

पावसाळ्यात स्वस्त म्हणून ऑगस्टमध्ये गेलो. बोटी रद्द झाल्या, हॅवलॉकला अडकलो. समुद्र शिशाच्या रंगाचा. दिवसभर पत्ते आणि खिचुडी: मूगडाळ भाजून केलेली, सोबत तळलेलं वांगं आणि अंड्याचं आम्लेट. परतीचं विमान चुकलं, त्याचे पैसे गेले. पावसाळ्यात जायचंच तर बेटावरून परतणं आणि विमान यांत दोन दिवस मोकळे ठेवा.

वर्धा

सगळे हॅवलॉकला थांबतात, आम्ही उत्तरेला डिगलीपूरला गेलो. सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता, दिवस त्यातच जातो, पाठीचं पीठ होतं. सांगायला हवं म्हणून सांगतो. एरियल बेवरून वनखात्याची परवानगी घेऊन बोटीनं रॉस आणि स्मिथला जायचं. हे रॉस वेगळं, पोर्ट ब्लेअरसमोरचं नव्हे. दोन बेटांच्या मधोमध वाळूचा पट्टा, ओहोटीला चालत पलीकडे जाता येतं, भरतीला तो पाण्याखाली. दोन्हीकडून लाटा येऊन त्या पट्ट्यावर एकमेकींना भिडतात, हे मी अर्धा तास बघत बसलो होतो. कालीपूरला हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, चार जातींची. वनखात्याची माणसं रात्री अंडी गोळा करून कुंपणात पुरतात, सोबत जायला मिळतं, टॉर्च मात्र त्यांचाच, तोही लाल. जवळच सॅडल पीक, ७३२ मीटर, बेटांमधलं सर्वांत उंच शिखर. जळवांची तयारी ठेवा.

वाटेत मायाबंदरजवळ कारेन लोकांची गावं लागतात, इंग्रजांच्या काळात ब्रह्मदेशातून आणून वसवलेली. एका घरी जेवायला मिळालं: भात, आंबट पाल्याचं कालवण, सुक्या माशाची झणझणीत चटणी. आमच्या वऱ्हाडी जिभेलाही घाम फुटला.

वसई

शेवंडीबद्दल (लॉबस्टर हो!) कोणीच कसं लिहिलं नाही? काचेच्या पेटीतून निवडायला लावतात, भाव वजनावर. आधी समोर तोलून घ्या, बिलाचा आकडा लिहून घ्या, मगच शिजवायला सांगा. माझ्या शेजारच्या टेबलवर ज्यांनी हे केलं नाही, त्यांचं भांडण साऱ्या हॉटेलनं ऐकलं. आणि लोणी-लसूण घालून देतात ते नको म्हणा, नुसतं मीठ-हळद लावून निखाऱ्यावर भाजायला सांगा.

मालवण, सध्या मुक्काम चेंबूर

वसईकर, एवढे पैसे मोजून शेवंड खाण्यापेक्षा त्या मावशींकडे कुर्ल्या सांगायच्या होत्यात. चौथा हिस्सा भाव, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर वाटपही आपलं करू देतात. मी केलं होतं. पाट्यावर, त्यांच्याच नारळाचं.