वर्डप्रेसवाल्यांना ड्रूपलकडे कसं आणायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. ड्रूपल म्हणजे वर्डप्रेससारखंच वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. १५ जानेवारी २०२५ला त्याचं ‘ड्रूपल सीएमएस’ हे रूप आलं, तेही कोड न लिहिणाऱ्यांसाठी. तेव्हापासून वर्डप्रेस वापरणाऱ्या ओळखीच्यांना ते मनापासून दाखवतोय, पण गाडी पुढे सरकत नाही.

परवा एका दिवाळी अंकाच्या संपादक ताई शेजारी बसल्या होत्या. लॉगिन झाल्या झाल्या त्यांची नजर ‘पोस्ट’ शोधू लागली. मी ‘कंटेंट टाइप’ (मजकुराचे प्रकार), ‘टॅक्सोनॉमी’ (वर्गवारी) सांगायला घेतलं आणि त्यांनी हळूच माउस बाजूला सरकवला. खरं तर कथा, कविता, लेख यांचे वेगळे रकाने आणि लेखकाच्या नावावरून जुने अंक चाळता येणं, हेच त्यांना हवं होतं. तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

दुसरी अडचण जुन्या लिंक्सची. वर्डप्रेसमध्ये स्लगला, म्हणजे लिंकमध्ये शीर्षकावरून बनणाऱ्या भागाला, २०० जागांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, नऊ जागा खातं. म्हणजे बावीसेक चिन्हांनंतर लिंकमधलं शीर्षक तुटतं. अशा तुटक्या लिंक्स वाचकांनी व्हॉट्सॲपवर कुठे कुठे पाठवल्या आहेत! ड्रूपलवर आल्यावर त्या बंद पडणार असतील तर ताई का येतील?

कोणी मराठी साइट वर्डप्रेसमधून ड्रूपलवर आणली आहे का? वर्डप्रेसमधून मजकुराची एक्सएमएल फाइल घेतल्यावर रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून नव्या पानावर नेणं) कसे जुळवलेत? आणि नव्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात काय दाखवता? ताई रविवारी पुन्हा येणार आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.