बदलापुरात घर : पूर्व घ्यावं की पश्चिम? पूर, पाणी, लोकल यांचं खरं चित्र हवंय

प्रश्न : ठाणे_ते_घर

ऑफिस ठाण्यात, आठवड्यातून दोन दिवस दादर. बदलापुरात वन किंवा टू बीएचके बघतोय. प्रत्येक माहितीपत्रकात 'स्टेशनपासून पाच मिनिटं' आणि 'येऊ घातलेली मेट्रो' एवढंच लिहिलेलं असतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पुराचा धोका नेमका कुठल्या भागात आहे आणि तो कागदावर कसा तपासायचा? रोजच्या पाण्याचं काय? आणि लोकलला सकाळी बसायला जागा मिळते का? बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी, त्या बाजूला बरंच स्वस्त मिळतंय, तेही चालेल का?

उत्तर : उल्हासकाठ

पुरापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं, जमिनीची उंची सुधारता येत नाही.

उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून उतरते आणि कर्जत-नेरळकडून बदलापूरला येते. त्यामुळे बदलापुरात नुसती रिमझिम असतानाही पाणी चढू शकतं. पाऊस वर घाटात पडलेला असतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत नदी वस्तीत आली. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तीही बदलापूर आणि वांगणीच्या मध्येच. दर वेळी 'बारवी धरणातून पाणी सोडलं' अशी ओरड होते, पण बारवी नदी उल्हासला मिळते ती शहर ओलांडल्यावर, प्रवाहाच्या खालच्या बाजूला. बदलापूर बुडतं ते कर्जतकडून येणाऱ्या पाण्याने.

सखल पट्टा पश्चिमेला आहे : हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रस्ता, वालिवली. पण म्हणून 'पूर्व म्हणजे सुरक्षित' असं सरळ गणित मांडू नका. पूर्वेला नदी नाही, नाले आहेत. डोंगराकडून येणारा नाला जिथे पाइपात घालून वर रस्ता केलाय, तिथे तासाभराच्या जोरदार पावसात तळमजल्यात पाणी शिरतं.

कागदावर तपासायची पद्धत अशी. बिल्डरकडून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घ्या, सातबाऱ्यावर जुळवा. तो नंबर घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन कुठल्या वापराची आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. त्यावर जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. दोन रेषांच्या मधल्या भागात अटींवर परवानगी मिळते. प्लॉट मधल्या भागात असेल तर मंजूर नकाशावर जोत्याची (तळमजल्याच्या फरशीची) पातळी काय लिहिलीय ते वाचा आणि जागेवर तेवढीच आहे का ते टेप लावून मोजा.

त्याहून खरा पुरावा भिंतींवर असतो. आसपासच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारतींच्या कुंपणभिंती बघा. चिखलाची आडवी रेघ रंगाखालूनही दिसते. शेजारी कुणी नवा भराव टाकलाय का तेही बघा, कारण भरावाने पाणी नाहीसं होत नाही, शेजारच्या जुन्या बंगल्याकडे जातं. पुढच्या वर्षी तो 'शेजारचा' तुम्ही असू शकता.

उत्तर : सातपाच_लोकल

लोकलचं सांगतो. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर, म्हणजे तुम्हाला ठाण्यापर्यंत ३४ आणि दादरपर्यंत ५९. जलद लोकल पकडलीत तर ठाणं पाऊण तास ते पन्नास मिनिटं. हे वेळापत्रकाप्रमाणे, पावसाळ्यात नाही.

अडचण मार्गिकांची आहे. कल्याणच्या पुढे कर्जत दिशेला दोनच मार्गिका. त्यावरूनच लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या. मेल उशिरा आली की तिला पुढे काढायला लोकल थांबवतात. कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी ३ अ या मुंबईच्या रेल्वे-विस्तार प्रकल्पात आहे. ती सुरू झाली तरच गाड्यांची संख्या खऱ्या अर्थाने वाढेल. तोपर्यंत इमारती वाढतायत, गाड्या तेवढ्याच. २००१ च्या जनगणनेत गाव लाखाच्या आत होतं, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास. नंतरचे टॉवर त्यात धरलेलेच नाहीत.

बसायला जागा : कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी सकाळी भरून येते, तिच्यात उभं राहायला मिळालं तरी पुष्कळ. बदलापूरहून सुटणारी गाडी धरा. मात्र तीही रिकामी येते असं समजू नका. अंबरनाथ-उल्हासनगरचे लोक 'डाउन करून' येतात, म्हणजे उलट दिशेने बदलापूरपर्यंत येऊन त्याच गाडीत बसून राहतात. खिडकी विसरा. घर बघायला रविवारी दुपारी सगळेच जातात. एकदा मंगळवारी सकाळी सात वाजता फलाटावर उभे राहून बघा.

आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटं' कुठल्या बाजूने ते विचारा. पूर्व-पश्चिम गाडी न्यायची तर उड्डाणपूल किंवा बेलवलीचा सबवे. सबवेत पाणी भरलं की सगळी वाहतूक पुलावर येते. ज्या बाजूला शाळा, दवाखाना आणि रोजचा बाजार तुमच्या सोयीचा, त्याच बाजूला घर घ्या. मेट्रो १४, कांजूरमार्ग ते बदलापूर, नियोजनात आहे. तिच्यासाठी आज एक रुपयाही जास्त देऊ नका.

उत्तर : टाकी_किती_हजारांची

पाणी. शहराला पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा, बॅरेज बंधाऱ्यावर उल्हासमधून उचललेलं पाणी. उन्हाळ्यातही नदी वाहती राहते, कारण भिवपुरीच्या वीजकेंद्रातून आंध्र धरणाचं पाणी तिच्यात येतं. म्हणजे कच्चं पाणी ही मुख्य अडचण नाही. उपसा आणि वितरण ही आहे. पंपाची वीज गेली की त्या वेळचा पुरवठा बुडतो, आणि वाहिनीच्या टोकाच्या इमारतींना दाब मिळत नाही.

बिल्डरला 'पाणी आहे का' विचारू नका, 'हो' म्हणेल. जमिनीखालची टाकी किती लिटरची ते विचारा. हिशेब सोपा : ४० सदनिका, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज २१,६०० लिटर. एक दिवसाचा पुरवठा बुडाला तरी तग धरायचा तर साठवण ४३ हजारांच्या आसपास हवी. टाकी १५ हजारांची असेल तर तुम्ही १० हजार लिटरचे टँकर मागवणार आणि त्याचा बोजा मेंटेनन्सवर येणार. राहत्या इमारतीत घेत असाल तर सोसायटीचा गेल्या एप्रिल-मेचा टँकरचा खर्च बघायला मागा. वहीत असतो.

पूर्वेला खरवई, मानकिवली बाजूला औद्योगिक वसाहत आहे, त्यात रसायनांचे कारखानेही. तिकडे बघत असाल तर थंडीत रात्री दहानंतर एक चक्कर मारा. दुपारी वास कळत नाही.

ठाणे_ते_घर

सगळ्यांचे आभार. वांगणीच्या बाजूचं राहिलं. तिथला एजंट म्हणतो, ग्रामपंचायतीची परवानगी आहे, काळजी नको.

उत्तर : सातबारा_वाचा

तिथेच काळजी आहे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला किंवा घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. सक्षम नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी) मागा, जमीन अकृषिक आहे का ते बघा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कूळ किंवा वर्ग २ ची (विक्रीवर सरकारी अटी असलेल्या जमिनीची) नोंद असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर माहितीपत्रकावरून घेऊ नका, संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिका ८ पेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची. 'आमचा प्रकल्प छोटा आहे, लागत नाही' हे ऐकायला मिळालं तर आधी प्लॉटचं क्षेत्रफळ बघा आणि सदनिका मोजा. करारनामा नोंदवण्यापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज २० टक्के भरा, भाव चढतोय' असं म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा.

तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याची परवानगी) बघा, आणि ते पूर्ण इमारतीचं आहे की काही मजल्यांचंच, हेही वाचा. तुमचा मजला त्यात नसेल तर नळजोडणीपासून पुनर्विक्रीपर्यंत अडतं. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद चोख, असंही नाही. बँक आपली वसुली बघते.

उत्तर : उल्हासकाठ

एक राहिलं. पश्चिमेला घेतलंत तर वरचा मजला घेऊन निर्धास्त होऊ नका. वीज मीटर, पाण्याचा पंप आणि लिफ्टचा खड्डा तळालाच असतो. पाणी ओसरलं तरी मीटर बदलून मिळेपर्यंत सातव्या मजल्यावरही अंधार. मीटरची खोली पार्किंगपेक्षा किमान दीड मीटर उंच आहे का, ते बघून या. जून ते सप्टेंबर नदीची पातळी रोज बातम्यांत येते : बदलापूरला इशारा पातळी १६.५० मीटर, धोक्याची १७.५०. इशारा ओलांडला की गाड्या तळातून काढायच्या, पातळी १७ होईपर्यंत थांबायचं नाही.