लंडनमधील पोपट आता तिथलेच मानावेत का?

बाभूळबन (धागाकर्ता)

रिचमंड पार्कमधील ओक वृक्षांवरून आपल्याकडचाच कंठवाला हिरवा पोपट भर जानेवारीत थव्याने ओरडत जाताना दिसला की मराठी माणसाला प्रथम गंमत वाटते आणि मग तो या थंडीत जगतो तरी कसा, असा प्रश्न पडतो. युरोपातील या पोपटांचे मूळ जनुकीय अभ्यासांनुसार मुख्यतः उत्तर भारत आणि पाकिस्तानात असल्याने गारठा त्यांना नवा नाही. शिवाय हिवाळाभर घरोघरच्या परसात पक्ष्यांसाठी दाणे टांगलेले असतातच. पिंजऱ्यातून सुटलेल्या वा सोडून दिलेल्या पक्ष्यांचे हे वंशज १९६९पासून ब्रिटनमध्ये वीण करीत आहेत, १९८३ साली ब्रिटनच्या अधिकृत पक्षीयादीत त्यांचा समावेश झाला आणि आज त्यांच्या सुमारे १२,००० जोड्या आहेत.

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने लंडनच्या कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली, ही आख्यायिका सर्वांनी ऐकलेली असते. २०१९मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा तिला कोणताही आधार मिळाला नाही. पोपटांपासून माणसाला होणाऱ्या तापाच्या बातम्यांनी १९२९-३० आणि १९५२ साली घबराट पसरली होती, त्या काळात अनेकांनी पिंजरे उघडले असावेत, असे त्यांचे अनुमान आहे. माणसाने भीतीपोटी हाकललेल्या पाखरांच्या वंशजांना आता उपरे ठरवून मारावे, असे काहीजण म्हणतात, ते मला अन्यायाचे वाटते.

ढोलीराखण

न्याय-अन्यायाची ही भाषा फक्त पोपटापुरतीच का, हे मला कळत नाही. पोपट स्वतः घरटे बांधत नाही आणि ढोलीही क्वचितच कोरतो. सुतारपक्ष्याने कोरलेली किंवा झाड कुजून झालेली ढोली तो फेब्रुवारी-मार्चमध्येच, म्हणजे स्थानिक पक्षी जागा शोधू लागण्यापूर्वीच बळकावतो. बेल्जियममधील संशोधकांनी पोपटांच्या ताब्यातील ढोल्या मुद्दाम बुजवून पाहिल्या, तेव्हा त्या पोपटांनी नटहॅच या चिमुकल्या पक्ष्याच्या ढोल्या घेतल्या आणि नटहॅचची संख्या घटली. स्पेनमधील सेव्हिलच्या मारिया लुईसा उद्यानातील प्रकार तर याहून वाईट आहे: तिथे पोपट मोठ्या नॉक्ट्यूल वटवाघळांवर हल्ले करून त्यांना ढोल्यांतून हुसकावतात, काहींना जिवेही मारतात आणि १४ वर्षांत या वटवाघळांच्या वस्तीची झाडे ८१ टक्क्यांनी कमी झाली. त्या वटवाघळाचे छायाचित्र कोणी कौतुकाने काढत नाही, म्हणून त्याची बाजू मांडणाराही कोणी नाही.

हुरडा

आमच्याकडे सोलापूर भागात ज्वारी दाण्यात आली की दिवसभर गोफण घेऊन माचाणावर उभे राहावे लागते, कारण पोपट कणसातील दाणे खातो त्याहून अधिक खाली सांडतो. इंग्लंडमधील केंटच्या सफरचंदवाल्यांची तक्रार याच जातीची असणार. पोपटावर माया करणाऱ्यांत बागायतदार सहसा नसतात, एवढेच नोंदवून ठेवतो.

बाभूळबन

सेव्हिलचे उदाहरण गंभीर आहे, हे मान्य. परंतु तो निष्कर्ष उचलून लंडनला लावता येत नाही. इंग्लंडमधील पक्षीगणनेच्या आकडेवारीवर २०११मध्ये झालेल्या अभ्यासात, पोपटांमुळे नटहॅचची एकूण संख्या घटल्याचा पुरावा मिळाला नाही. माँक पॅराकीट या दुसऱ्या पोपटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो काटक्यांची भलीमोठी सामाईक घरटी विजेच्या खांबांवरही बांधतो. लंडनमध्ये त्याची वस्ती अगदी लहान असतानाच, २०११पासून, सरकारने त्याला हटवण्यास सुरुवात केली आणि ते योग्यच झाले. १२,००० जोड्यांच्या बाबतीत ती वेळ कधीच टळून गेली आहे.

ढोलीराखण

म्हणजे जो लवकर पसरला तो सुटला, असा हा न्याय झाला. संख्या घटल्याचे गणनेत दिसेपर्यंत थांबायचे ठरवले, तर त्या वेळी करण्यासारखे काही उरत नाही. आणि लंडनच्या परसबागांतील प्रयोगांत दाण्यांजवळ पोपट असताना लहान पक्षी कमी खातात व अधिक सावध राहतात, हे २०१४मध्येच दिसले आहे.

सांजपाखरू

दोघेही पिंजऱ्याच्या व्यापाराविषयी बोलत नाहीत, याचे आश्चर्य वाटते. बर्ड फ्लूच्या भीतीने युरोपीय संघाने २००५मध्ये रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७मध्ये ती बंदी कायम केली. आपल्याकडे हा पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव कायद्यान्वये गुन्हा असूनही ‘मिठू’ घरोघरी दिसतो. त्यातला एखादा कुणी मुंबईत सोडला तरी तो त्याच्याच मुलखात असतो. पण इथे पाळले जाणारे परदेशी पक्षी सुटू लागले, तर हाच वाद आपल्या दारात येईल.

ढोलीराखण

व्यापाराचा मुद्दा रास्त आहे, पण तो पुढच्या पक्ष्यांना लागू पडतो, आजच्या नाही. इंग्लंडमध्ये २०१०पासून गंभीर नुकसान टाळण्यासाठी जमीनमालकांना विशिष्ट अटींवर हे पोपट मारण्याची मुभा मिळाली, तरीही लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स उद्यानात सफरचंदाची फोड पुढे करताच मनगटावर येऊन बसणाऱ्या पक्ष्याला मारण्याचा ठराव कोणताही लोकप्रतिनिधी मांडणार नाही, हे मलाही कळते. म्हणून माझी मागणी त्याहून लहान आहे: उद्यानांत त्यांना हाताने खाऊ घालण्यास मनाई करावी आणि परसातील दाण्यांभोवती पोपट शिरू शकणार नाही अशी बारीक जाळी लावावी.